वाचकांचे प्रश्न: वीज न घालवता वीज जाण्याची चाचणी

प्रश्न (मिरकरवाडा, रत्नागिरी): बंदरावरच्या वजनकाट्याला जोडलेलं लिनक्स यंत्र प्रत्येक टोपलीची पावती नव्या फाईलमध्ये लिहितं. फाईल सिस्टीम एक्स्ट४. पावसात वीज गेली की शेवटच्या काही पावत्या शून्य बाइटच्या सापडतात. प्लग ओढून पाहिलं, पण दर वेळी तसं होत नाही.

उत्तर: प्लग ओढणं सोडा. वीज नेमकी कधी गेली ते कळत नाही, वर यंत्रातलं मेमरी कार्ड खराब होतं. कर्नेलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, डीएम-फ्लेकी वापरा; ते डिस्क बिघडल्याचं सोंग करतं.

१ जीबीची रिकामी फाईल करून लूप डिव्हाइसला जोडा, म्हणजे ती डिस्कसारखी वापरता येते. ५१२ बाइटचे २०९७१५२ सेक्टर होतात. डीएमसेटअप या आज्ञेला तक्ता द्या: सुरुवात ०, लांबी २०९७१५२, प्रकार फ्लेकी, लूप डिव्हाइस, ऑफसेट ०, मग १८० आणि ०. म्हणजे १८० सेकंद चालू, ० सेकंद बंद. त्यावर एक्स्ट४ बनवून माउंट करा (वापरासाठी जोडा), एक पावती लिहा, १० सेकंद थांबा. आता तक्ता बदला: १८० आणि ० च्या जागी ० आणि १८०, पुढे १ (एक जादा पर्याय) आणि त्याचं नाव ड्रॉप_राइट्स. यापुढचं प्रत्येक लेखन गुपचूप गिळलं जातं, प्रोग्रामला मात्र यश कळवलं जातं. अनमाउंट करा, पहिला तक्ता परत घाला, माउंट करून पावती उघडा.

चूक बहुतेकदा तक्ता बदलताना होते. तक्ता बदलण्याआधी डिव्हाइस सस्पेंड करावं, म्हणजे थांबवावं लागतं; तेव्हा 'नोलॉकएफएस' हा पर्याय हवाच. नसेल तर डीएम (डिव्हाइस मॅपर, फ्लेकी ज्याचा भाग आहे) आधी फाईल सिस्टीम गोठवतं, गोठवताना मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरतं आणि सदोष प्रोग्रामही पास होतो. अनमाउंटही टाळू नका, नाहीतर तुम्ही डिस्क नव्हे, कॅश (मेमरीतली प्रत) वाचत असता.

पावती शून्य बाइटची दिसेल. जर्नल (एक्स्ट४ची बदलांची नोंदवही) साधारण ५ सेकंदांत फाईलचं नाव पक्कं करतं. मजकूर मात्र ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू शकतो. म्हणून तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (मजकूर डिस्कवर उतरवायला लावा), नाव बदला, मग डिरेक्टरीलाही एफसिंक करा. तीच चाचणी पुन्हा घ्या.

प्रश्न (मालवण): डिस्कच्या वाचन-लेखनात मुद्दाम चुका घालणाऱ्या कर्नेलच्या फेल_मेक_रिक्वेस्टमध्ये प्रोबॅबिलिटी (चुकीची टक्केवारी) १०० ठेवली, तरी एकच चूक येऊन थांबतं.

उत्तर: 'टाइम्स' (किती चुका घालायच्या ती संख्या) मुळात १ असतं. ते -१ करा, म्हणजे मर्यादा उठते. डिव्हाइसच्या 'मेक-इट-फेल'मध्ये (त्यावर चुका घालू द्यायचा खटका) १ लिहिलेलं आहेच, नाहीतर ती एक चूकही आली नसती. फक्त ते डिव्हाइस रूट डिस्कचं (ज्यावरून यंत्र चालतं तिचं) नाही ना, ते आधी तपासा. प्रोबॅबिलिटी १०० ऐवजी ५ ठेवा. सगळंच नापास झालं तर माउंटच होत नाही आणि चुकीतून सावरण्याचा कोड तपासायचा राहून जातो.