रत्नागिरीचं लायसन्स आहे, स्कॉटलंडमध्ये गाडी भाड्याने घेऊन चालवता येईल का?

हो, येईल, टुरिस्ट म्हणून गेलात तर आपल्या व्हॅलिड भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिन्यांपर्यंत कार चालवता येते, हा ब्रिटन सरकारचाच नियम आहे आणि गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. फक्त कायद्याला चाललं तरी भाड्याने देणारी कंपनी स्वतःच्या अटी लावते, वय किती हवं, लायसन्स काढून किती वर्षं झालेली हवीत, इंटरनॅशनल परमिट लागतं का, हे बुकिंगआधीच लेखी विचारून घ्या. परमिट लागलंच तर इथे आपल्या आरटीओतच मिळतं, १ वर्ष चालतं, पण ओरिजिनल लायसन्स सोबत हवंच.

खरी काळजी रस्त्याची घ्या. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, बरेच रस्ते एकाच गाडीपुरते, आपल्याकडे दोन गडग्यांमधून वाडीत जातात ना तसेच, पण तिथली शिस्त कडक. मध्ये मध्ये 'पासिंग प्लेस', म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला रुंद केलेल्या जागा असतात. समोरून गाडी आली आणि अशी जागा डावीकडे असेल तर आपली गाडी आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या डाव्या बाजूलाच थांबा, आणि चढ चढत येणाऱ्याला आधी सोडा (आपल्या आंबा घाटातही खरं तर हेच करायला हवं). मागे कोणी खोळंबलं असेल तरी साइड द्या, पासिंग प्लेसमध्ये गाडी पार्क मात्र अजिबात करू नका.

- राउंडअबाउटला (गोल चौकात) उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या
- स्पीडचे बोर्ड मैलांत असतात, ६० म्हणजे साधारण ९७ किमी
- मागच्या सीटवरही बेल्ट लावायचाच