इच्छामरण, दयामरण आणि ‘वृद्धांचा भार’

प्रश्न असा आहे: ‘असिस्टेड डाइंग’ला, म्हणजे डॉक्टरांची मदत घेऊन मरण्याला, मराठीत काय म्हणावं? वर्तमानपत्रांत सरसकट ‘इच्छामरण’ छापून येतं, कुठे ‘दयामरण’ही दिसतं, दोन्ही एकच का? प्रश्नकर्ते एका लेखाचं भाषांतर करत आहेत आणि त्यांनी केलेलं वाक्य असं: ‘वृद्धांच्या वाढत्या भारामुळे अनेक देश इच्छामरणाकडे वळत आहेत.’ हे चालेल का?

व्याकरणाने चालेल. अर्थाने ते दोन जागी घसरतं, ‘इच्छामरण’पाशी आणि ‘भारा’पाशी.

आधी समास सोडवू. इच्छामरण म्हणजे इच्छेनुसार येणारं मरण. दयामरण म्हणजे दयेपोटी दिलेलं मरण. इच्छा मरणाऱ्याची असते, दया दुसऱ्या कुणाची. एका शब्दात मरणारा माणूस कर्ता आहे, दुसऱ्यात तो कर्म आहे. हा फरक शब्दांतच उघड असताना आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, आणि त्यातून मोठे घोटाळे होतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं प्रकरण आठवा. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्या ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे उपचार थांबवावेत असा अर्ज पत्रकार पिंकी विराणी यांनी केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. ज्या केईएमच्या माणसांनी त्यांना सांभाळलं, त्यांना त्या जगायला हव्या होत्या, हे न्यायालयाने मोलाचं मानलं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. या सगळ्या काळात मराठीत ‘अरुणा शानबाग यांचं इच्छामरण’ असं लिहिलं गेलं. पण आपली इच्छा सांगण्याच्या अवस्थेत त्या नव्हत्याच. वाद दोन बाजूंच्या मायेचा होता. तिथे शब्द हवा होता दयामरण.

‘इच्छामरण’ हा शब्द आपल्याकडे आला तो भीष्मांकडून. शंतनूने दिलेला वर, शरशय्या आणि उत्तरायणाची वाट पाहणं. त्या गोष्टीत डॉक्टर नाही, मदतनीस नाही, कुणाची परवानगी नाही. मरणाची वेळ निवडण्याची मोकळीक तेवढी आहे. म्हणून या शब्दाला आपोआप एक तेज येतं. कायद्याच्या बातमीत तो वापरला की ते तेजही सोबत येतं, आणि वाचकाला वाटतं की अर्ज केला की मरण मिळतं.

मग ओळखायचं कसं? क्रियापद लावून पाहा. मराठीत मरण येतं, देतात, पत्करतात, येऊ देतात. कोणतं क्रियापद बसतं त्यावरून प्रकार कळतो.

रुग्णाने मागितलं आणि डॉक्टरने स्वतः औषध टोचलं, तर मरण ‘दिलं’. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून हे कायदेशीर आहे. डॉक्टरने औषध लिहून दिलं, पण ते घेण्याची शेवटची कृती रुग्णाने स्वतःच्या हाताने केली, तर मरण ‘पत्करलं’. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९९७ पासून हेच चालतं. स्वित्झर्लंडमध्येही शेवटची कृती स्वतःचीच असावी लागते, दुसऱ्याने केली तर तो गुन्हा. व्हेंटिलेटर काढला किंवा डायलिसिस पुन्हा सुरू केलं नाही, तर मरण ‘येऊ दिलं’. भारतात कायद्याची मुभा आहे ती एवढ्यालाच.

आता ‘असिस्टेड डाइंग’. ब्रिटनमधल्या चर्चेत या शब्दाचा रोख दुसऱ्या प्रकारावर आहे, म्हणजे औषध रुग्णाने स्वतः घ्यायचं. कॅनडात २०१६ च्या कायद्यातल्या शब्दात पहिला आणि दुसरा दोन्ही येतात, आणि प्रत्यक्षात तिथे जवळजवळ सगळीकडे डॉक्टर किंवा नर्सच औषध देतात. म्हणून भाषांतर करताना आधी देश पाहावा, मग शब्द निवडावा. माझी पसंती ‘साहाय्यित मरण’ला. पहिल्यांदा येईल तिथे ‘डॉक्टरांच्या मदतीने पत्करलेलं मरण’ असं उलगडून लिहावं, पुढे साहाय्यित मरण. लेख कॅनडाबद्दल असेल तर ‘पत्करलेलं किंवा मागून घेतलेलं’ असं लिहावं लागेल. (‘सहाय्यित’ नको. ‘सहाय’ या शब्दापासून भाववाचक नाम होतं ते ‘साहाय्य’. ‘सहाय्य’ ही रूढ झालेली चूक आहे.)

‘निष्क्रिय दयामरण’ हा ‘पॅसिव्ह युथनेशिया’साठी घडवलेला शब्द मात्र सोडून द्यावा असं मला कळकळीने वाटतं. निष्क्रिय म्हटलं की मराठी माणसाला हातावर हात ठेवून बसलेला डॉक्टर दिसतो. प्रत्यक्षात नळी काढल्यावर धाप लागू नये, घसा कोरडा पडू नये, वेदना होऊ नयेत म्हणून डॉक्टर आणि नर्स तासन्‌तास झटत असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २०१८ च्या व्याख्यासंग्रहात ‘पॅसिव्ह युथनेशिया’ ही संज्ञा कालबाह्य ठरवली. साधं ‘उपचार थांबवणं’ आणि ‘उपचार सुरू न करणं’ म्हणा. वेदना शमवण्यासाठी दिलेलं मॉर्फिन यांपैकी कशातच मोडत नाही. ती उपशामक सेवा, आणि तिला ‘हळूहळू इच्छामरण’ म्हणणं साफ चूक आहे. त्या गैरसमजापायी घरचे लोक मॉर्फिनला नकार देतात आणि रुग्ण तळमळत राहतो.

वॉर्डातला शब्दही नोंदवून ठेवतो: ‘डामा’. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. ‘डामा घेतला’ असं नातेवाईक सांगतात तेव्हा पुष्कळदा खरा अर्थ असतो की पैसे संपले, किंवा डॉक्टरांनी हात टेकले आणि कागदावर मात्र सही नातेवाइकांची झाली. इथे इच्छा कुणाची होती, दया कुणाची, हे कागद सांगत नाही. आणि घरी पोचल्यावर वेदनांचं औषध लिहून द्यायला कुणी नसतं.

प्रायोपवेशन आणि सल्लेखना यांनाही कुणी इच्छामरण म्हणतात. प्राय म्हणजे अन्नत्याग करून मरणाकडे जाणं, उपवेशन म्हणजे बसणं. सावरकरांच्या १९६६ मधल्या देहत्यागासाठी हाच शब्द रूढ आहे. जैनांच्या सल्लेखनेतली ‘लेखना’ म्हणजे झिजवणं, कृश करणं: देह आणि कषाय, म्हणजे क्रोध-लोभासारखे मनाचे विकार, दोन्ही. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीला घेतली ती सल्लेखना. श्वेतांबर परंपरेतला शब्द संथारा, मुळात गवताचं अंथरूण. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा आत्महत्येच्या कक्षेत आणला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ही व्रतं आहेत. त्यांना त्यांच्याच नावाने हाक मारावी.

आता जिथे चुकीचा शब्द घरातल्या माणसाला प्रत्यक्ष महागात पडतो ती जागा: ‘लिव्हिंग विल’, म्हणजे पुढे आपल्याला बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली आणि मराठीत शब्द आला ‘इच्छापत्र’. पण इच्छापत्र आपल्याकडे आधीपासूनच मृत्युपत्राचं सौम्य नाव आहे. परिणामी लोक घर, दागिने, ठेवी यांच्या वाटणीखाली एक कलम घालतात: ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.’ तो लिफाफा कपाटात जातो आणि तेराव्यानंतर उघडतो. म्हणून ‘वैद्यकीय इच्छापत्र’ असाच पूर्ण शब्द वापरावा आणि कागदही वेगळा करावा. (‘मृत्युपत्र’ लिहिताना यु ऱ्हस्व, सुटा ‘मृत्यू’ दीर्घ.)

दोन्ही कागदांच्या रीतीही वेगळ्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोटरी सक्तीची नाही. वैद्यकीय इच्छापत्राला दोन साक्षीदार, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर साक्षांकन. २०१८ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती. ते जमेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही सोपी रीत ठरवली. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या माणसांची नावं त्यात हवीत. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं.

या कागदात ‘मला इच्छामरण द्यावे’ असं लिहू नये. द्यायची मुभा कायद्यात नाही, त्यामुळे ते वाक्य वाचून डॉक्टर काहीच करू शकत नाहीत. ‘माझे हाल करू नका’ हेही संदिग्ध. उपचारांची नावं घ्यावीत: कृत्रिम श्वास, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबून पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, नळीने अन्न. आणि कोणत्या अवस्थेत नको तेही लिहावं: बरं होण्याची आशा उरली नसताना. शुद्धीवर असेपर्यंत हा कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

उरला ‘वृद्धांचा भार’. इंग्रजी अर्थशास्त्रात ‘बर्डन’ हा मोजमापाचा शब्द आहे. मराठीतही कार्यभार, पदभार हे शब्द कुणाला दुखवत नाहीत. पण माणसापुढे भार आला की कानात लगेच वाजतं: ‘खायला काळ, भुईला भार’. आणि घरातली म्हातारी माणसं स्वतःच म्हणत असतात, ‘माझं ओझं झालंय तुम्हाला, देवाने सोडवावं.’ त्या वाक्याची मागणी अनेकदा मरणाची नसते. कुणीतरी ‘नाही हो आई, काय बोलता’ म्हणावं, एवढीच असते. ऑरेगॉनच्या वार्षिक अहवालात रुग्णांच्या चिंतांची यादी असते. तीत कुटुंबावर ओझं होण्याची चिंताही आहे, आणि आपलं आपण ठरवता न येण्याची चिंता सर्वांत वरच्या चिंतांमध्ये असते. ओझ्याची भावना आणि इच्छा यांच्यात किती अंतर उरतं, हा या विषयातला सर्वांत अवघड नैतिक प्रश्न आहे. भाषांतरकाराने शीर्षकातच ‘भार’ लिहिला तर त्याने त्याचं उत्तर देऊन टाकलं.

शिवाय भार म्हणावं असं आपण किती उचलतो? इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये, ८० नंतर ५०० रुपये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे ९.९ टक्के होते. ‘अवलंबित्व गुणोत्तर’, म्हणजे कमावत्या वयाच्या माणसांमागे इतर वयाची किती हा हिशेब, काढताना या सगळ्यांना वयावरून अवलंबित धरतात. पासष्टीत खुरपणीला जाणारी बाईही त्यात अवलंबित, आणि तिच्या रोजावर शिकणारा विशीतला नातू कमावत्या वयातला.

वाक्यातलं ‘मुळे’सुद्धा तपासायला हवं. जपानमध्ये पासष्टीपुढची माणसं २९ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि तिथे साहाय्यित मरणाचा कायदा नाही. ऑरेगॉनमध्ये १९९४ चं जनमत आणि कॅनडात २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हीकडे वाद हक्काचा होता. कॅनडाच्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा २०२१ साठीची अंदाजे बचत निघाली १४.९ कोटी कॅनेडियन डॉलर, आरोग्यखर्चाच्या मानाने नगण्य. खर्च वाचवण्याचा उपाय म्हणून हा अहवाल वाचू नये, हेही तिथे स्पष्ट लिहिलं होतं.

तेव्हा मूळ लेखकाला खरोखर कारणच सांगायचं असेल तर ते त्याचं मत आहे हे दिसू द्या: ‘वयस्कांची संख्या आणि त्यांच्या देखभालीचा खर्च वाढत असल्याने अनेक देश साहाय्यित मरणाचे कायदे करू लागले आहेत, असं लेखकाचं म्हणणं आहे.’ मूळ इंग्रजीत नुसतं ‘अ‍ॅज’ असेल, कारण सांगितलेलं नसेल, तर ‘मुळे’ काढा आणि ‘वाढत असतानाच’ लिहा.