आमवातात प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

तुम्ही विचारलंय की आईंना आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए) निघाला, डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली, आणि घरात मात्र प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा चालू आहे. मग खरं कुणाचं? मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण माझ्या आईला हाच आजार बारा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘कमी’ हा शब्द डोक्यातून काढा. तुमच्या आईंच्या पांढऱ्या पेशी अशक्त नाहीत. त्या आपलं-परकं ओळखायला चुकताहेत, आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडताहेत.

यातल्या टी पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. आपल्याकडच्या भाषेत ती त्यांची तालीम. पण इथला वस्ताद आपल्याच शरीरातल्या प्रथिनांचे तुकडे समोर धरतो, आणि जी पेशी त्यावर तुटून पडेल तिला सहसा तिथंच संपवलं जातं. बहुतेक पेशी या तालमीतून जिवंत बाहेर येतच नाहीत. तरी काही चुकार निसटतात. निरोगी माणसातही असतात. त्यांना बाहेर आवर घालतात नियामक टी पेशी. जपानी शास्त्रज्ञ शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, आणि याच कामासाठी मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

बी पेशींचं, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचं, काम मात्र मी रोज डोळ्यांनी बघते. आरए फॅक्टरच्या साध्या टेस्टमध्ये काळ्या स्लाइडवर सीरमचा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाचा) एक थेंब आणि लॅटेक्सच्या बारीक कणांचा एक थेंब घेऊन काडीनं मिसळायचं, दोन मिनिटं स्लाइड हलवायची. निगेटिव्ह असेल तर ते दुधासारखं एकसारखं राहतं. पॉझिटिव्ह असेल तर नासलेल्या दुधासारखे कण दिसू लागतात. त्या लॅटेक्सवर माणसाचीच अँटिबॉडी चिकटवलेली असते, आणि पेशंटच्या बी पेशींनी बनवलेली अँटिबॉडी तिलाच धरते. आईचं सॅम्पल मीच लावलं होतं. दोन मिनिटं व्हायच्या आतच कण उठले. (नुसता हा फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात नव्हे, काही धडधाकट लोकांतही तो येतो. अँटी सीसीपी ही रक्ताची दुसरी टेस्ट आणि सांध्यांची तपासणी सोबत हवी.)

पुढचं सांध्याच्या आत घडतं. तिथं जमलेल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ नावाचं रसायन सोडतात, सांध्याचं अस्तर सुजून जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड खाऊ लागतं. आई सकाळी भाकरी थापायला बसायची, तर पीठ मळून तयार आणि बोटं काही मिटायची नाहीत. दहा वाजले की तीच बोटं चालायची. आम्ही वर्षभर ते थंडीवर आणि वयावर ढकललं, तोवर दोन बोटं वाकली ती वाकलीच. याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून गोळी बंद करू नका. मेथोट्रेक्सेट असेल तर ती आमवातात आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल केलेला असतो. काढ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थांबवा आणि डॉक्टरांना सांगा की तो चालू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या यकृतावर परिणाम झाल्याचं नोंदवलं, आणि त्यात ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटल्याची, लक्षणं होती. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, हेही खरं. पण मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच येतो, मग ही जोखीम कशाला घ्यायची?

पुढे कधी टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुचवलं, तर टीबीची तपासणी झाली का, ते आवर्जून विचारा. आईंचा सांधा सुजवणारं हेच टीएनएफ फुप्फुसात दबून बसलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं कडं टिकवून ठेवतं. ते अडवलं की कडं सुटू शकतं, आणि आपल्याकडे असे दबलेले जंतू अनेकांच्या शरीरात असतात.