सायनसचा त्रास असताना वरच्या दाढेचं इम्प्लांट करता येतं का?

येतं, पण आधी सायनस शांत व्हायला हवा. वरच्या दाढांच्या मुळांवरच सायनसची पोकळी असते. दाढ काढून वर्षं लोटली की मधलं हाड झिजतं आणि इम्प्लांटला धरायला कमी पडतं. म्हणून साध्या एक्स-रेवर थांबू नका, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढाच. माझ्या आईचं हाड जेमतेम ४ मिलीमीटर उरलं होतं, सायनसचं अस्तरही सुजलेलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डेंटिस्टनी घाई न करता तिला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. (पंचगंगेचं पाणी चढतं त्या दिवसांत तिचं नाक कायम चोंदलेलं असतं.) सायनस लिफ्ट (सायनसचं अस्तर वर उचलून खाली हाडाची भर घालायची शस्त्रक्रिया) दिवाळीनंतर झाली. पुढे दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, मिश्री बंद. एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर वरची एखादी किडलेली दाढही तपासून घ्या; कधीकधी दुखण्याचं मूळ तिथंच असतं.