ड्रायव्हरचा कोड खुला असताना वेगळे दस्तऐवजीकरण कशासाठी, आणि त्यात नेमके काय लिहावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) बसणाऱ्या एका तापमान व आर्द्रता सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे तो सेन्सर चालवणारा प्रोग्राम, तुम्ही झेफायर या छोट्या उपकरणांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी लिहिला आहे, तो तुमच्या बोर्डावर व्यवस्थित चालतो आणि पुढे तोच लिनक्स कर्नलमध्ये न्यायचा तुमचा विचार आहे. कोड तपासून स्वीकारणाऱ्या मेन्टेनरनी मात्र आधी दस्तऐवज पूर्ण करायला सांगितले आहे. सगळा कोड सर्वांसमोर असताना आणखी काय लिहायचे, आणि किती, हे तुम्ही विचारता.

मी अशा प्रणालींवर रोज काम करतो आणि इतरांचे ड्रायव्हर वाचण्यात माझा बराच वेळ जातो, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने उत्तर देतो. ड्रायव्हर काय करतो हे कोडवरून कळते. पण ती चिप प्रत्यक्षात कशी वागते आणि ड्रायव्हरने आपल्या वापरकर्त्याला कोणती हमी दिली आहे, या दोन गोष्टी कोडमधून कळत नाहीत. मेन्टेनर मागत आहेत ते बहुतेक याच दोन गोष्टींबद्दल असावे.

आधी हमीचे पाहू. तुमच्या ड्रायव्हरमधले वाचन करणारे फंक्शन आय-टू-सी व्यवहार पूर्ण होईपर्यंत थांबून राहते, म्हणजे ते ज्या थ्रेडमधून (प्रोग्रामच्या चालू धाग्यातून) बोलावले जाते तो थ्रेड मधल्या काळात झोपतो. सी भाषेतल्या फंक्शनच्या घोषणेकडे कितीही निरखून पाहिले तरी ही गोष्ट दिसत नाही. तुम्ही चाचणी घेताना ते साध्या थ्रेडमधून बोलावले असणार, त्यामुळे काहीच बिघडले नाही. उद्या दुसरा कोणी दर सेकंदाला तापमान हवे म्हणून झेफायरचा टायमर लावील आणि त्याच्या कॉलबॅकमधून, म्हणजे वेळ झाली की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधून, तुमचे फंक्शन बोलावील. त्या टायमरचा कॉलबॅक सिस्टम क्लॉकच्या इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) चालतो आणि तिथे झोपायला मनाई आहे. ही चूक त्या माणसाच्या हातून होईल, पण ती टाळता येईल एवढी माहिती त्याला कुठेही मिळालेली नसेल. म्हणूनच लिनक्समध्ये कोडच्या टिप्पणीतच दस्तऐवज लिहिण्याची कर्नल-डॉक नावाची जी पद्धत आहे तिच्यात, फंक्शन कोणत्या परिस्थितीतून बोलावता येते हे सांगण्यासाठी ‘कॉन्टेक्स्ट’ नावाचा वेगळा भाग ठेवलेला आहे आणि झेफायरच्या एपीआयच्या (इतरांनी बोलवायच्या फंक्शनांच्या) दस्तऐवजातही, इंटरप्टमधून बोलावता येणाऱ्या फंक्शनांवर तशी खूण करण्याची सोय आहे. तुमच्या ड्रायव्हरने स्वतःचे असे एखादे जादा फंक्शन बाहेर दिले असेल, तर त्याच्यावरच्या टिप्पणीतले पहिले वाक्य याविषयीचे असावे असे माझे स्पष्ट मत आहे.

हमीचा दुसरा भाग एककांचा. तुम्हाला तो लवकरच जाणवेल, कारण तुम्ही दोन प्रणालींमध्ये ये-जा करणार आहात. झेफायरच्या सेन्सर एपीआयमध्ये तापमान अंश सेल्सिअसमध्ये द्यायचे असते. लिनक्सच्या आयआयओ (सेन्सरांसाठीची) आणि एचडब्ल्यूमॉन (हार्डवेअरवर देखरेख ठेवणारी) या दोन्ही उपप्रणालींमध्ये तेच मिली-अंश सेल्सिअसमध्ये अपेक्षित असते. एककांइतकेच महत्त्व मांडणीला आहे. झेफायरमध्ये सेन्सरचे मूल्य दोन पूर्णांकांत साठवले जाते: पहिल्यात पूर्णांशाचा भाग, दुसऱ्यात दशलक्षांश. त्यामुळे साडेतेवीस अंश म्हणजे २३ आणि ५०००००. आता उणे अर्धा अंश घ्या. दस्तऐवजात याचे उदाहरणच दिलेले आहे: पहिला पूर्णांक ०, दुसरा -५०००००. म्हणजे या एका बाबतीत ऋण चिन्ह फक्त दुसऱ्या पूर्णांकावर असते. मूल्य छापताना जो फक्त पहिल्याचे चिन्ह पाहतो त्याच्या पडद्यावर गोठणबिंदूच्या खालचा अर्धा अंश गोठणबिंदूच्या वरचा होतो.

याच ठिकाणी ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाही सांभाळावे लागते. चिप शतांश अंशात -५० देत असेल, तर त्याला १०० ने भागून येणारा भागाकार आणि बाकी वापरली की सी भाषेच्या नियमाप्रमाणे ० आणि -५० मिळतात, आणि बाकीला १०००० ने गुणले की संकेत आपोआप पाळला जातो. कोणी भागाकार खालच्या पूर्णांकाकडे नेला, तर -१ आणि +५००००० मिळतील. बेरीज बरोबरच येते, पण ठरलेला संकेत मोडतो आणि त्यावर विसंबलेला दुसऱ्याचा कोड बिघडतो. यातला प्रत्येक तुकडा गणिताने योग्य आहे. कोणता निवडायचा हे मात्र केवळ दस्तऐवजातल्या त्या चार ओळी सांगतात. कोड खुला असणे पुरेसे का नाही, याचे मला माहीत असलेले सर्वांत छोटे आणि सर्वांत पटणारे उदाहरण हेच.

आता चिपच्या वागण्याविषयी. तुमच्या ड्रायव्हरमध्ये चिप चालू केल्यावर काही मिलिसेकंद थांबण्याची एखादी ओळ नक्की असेल. त्या ओळीवर टिप्पणी नसेल तर काही वर्षांनी ती वाचणाऱ्याला तीन शक्यता दिसतात: ती वेळ डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) दिलेली आहे, किंवा चिपच्या एखाद्या आवृत्तीतल्या दोषामुळे ठेवली आहे, किंवा प्रयोग करता करता जिथे काम झाले तिथे लेखक थांबला. पहिल्या शक्यतेत आकडा कमी करणे चूक आहे, दुसरीत नव्या चिपसाठी ती ओळ काढता येते आणि तिसरीत पुन्हा मोजणे हेच योग्य. तिन्हींत कोड एकसारखाच दिसतो. म्हणून प्रत्येक अशा आकड्यापाशी डेटाशीटचा दस्तऐवज क्रमांक, आवृत्ती आणि प्रकरणाचे नाव लिहावे. केवळ दुवा देऊन भागत नाही, कारण उत्पादकांची संकेतस्थळे बदलतात आणि जुन्या आवृत्त्या तिथून काढून टाकल्या जातात. तक्त्यात नमुनादाखल मूल्य आणि कमाल मूल्य अशी दोन्ही असतील तर तुम्ही कोणते घेतले हेही लिहावे. आणि जे डेटाशीटमध्ये नाही, तुम्हाला बोर्डावर आढळले, ते ‘आढळलेले’ म्हणूनच नोंदवावे. त्याला डेटाशीटचा अधिकार चिकटू देऊ नये.

पत्त्यांबाबतही असेच. आय-टू-सी चिपचा पत्ता काही डेटाशीटमध्ये सात बिटांचा दिलेला असतो, तर काहींत वाचन-लेखनाचा बिट जोडून आठ बिटांचा. सात बिटांत जो हेक्साडेसिमल ७६ आहे, तोच दुसऱ्या पद्धतीत लिहिताना ईसी आणि वाचताना ईडी असा दिसतो. लिनक्स आणि झेफायर दोन्हीकडे सात बिटांचाच पत्ता चालतो. तुमच्या चिपच्या डेटाशीटमध्ये दुसरी पद्धत असेल तर एक वाक्य खर्च करून तसे सांगा. बसवर चिप सापडत नाही म्हणून ऑसिलोस्कोप काढून बसणाऱ्या माणसाचे श्रम वाचतील.

यानंतर डिव्हाइस ट्रीचे बाइंडिंग. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणते हार्डवेअर कुठे आहे याचे वर्णन, आणि त्यात एखाद्या चिपविषयी काय व कसे लिहायचे याचे नियम म्हणजे तिचे बाइंडिंग. माझ्या दृष्टीने तुमच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हाच, आणि नवे लेखक नेमका तोच शेवटी, घाईघाईने लिहितात. लिनक्समध्ये ही बाइंडिंगे पूर्वी साध्या मजकुराच्या फाइलींत असत आणि ती पाळली जातात की नाही हे माणसालाच पाहावे लागे. आता ती यॅमल या यंत्राला वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात ठरावीक नियमांनी लिहिली जातात, त्यांतली उदाहरणे तपासताना खरोखर कम्पाइल होतात आणि बोर्डांच्या फाइलीही त्याच नियमांवर घासून पाहता येतात. झेफायरचीही बाइंडिंगे यॅमलमध्येच असतात, पण त्यांची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवता येणार नाही.

दोन्हींमधला खरा फरक परिणामांत आहे. झेफायरमध्ये डिव्हाइस ट्री बिल्डच्या वेळीच वाचली जाते आणि तिच्यातून सी भाषेचे मॅक्रो (कोडमध्ये वापरायची ठरीव नावे) तयार होतात, म्हणून बाइंडिंग बदलले तर लोकांचे बिल्ड मोडते आणि बदल लगेच लक्षात येतो. लिनक्समध्ये सहसा बूटलोडर (उपकरण सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) ती कर्नलच्या हाती देतो, आणि जुनी ट्री घेऊन बाहेर गेलेल्या उपकरणावर उद्याचा नवा कर्नल चालायला हवा. त्यामुळे तिथले बाइंडिंग म्हणजे एक टिकाऊ करार समजला जातो. त्यात हार्डवेअरचे वर्णन असावे, ड्रायव्हरच्या सोयीचे पर्याय नसावेत, हा आग्रह यातूनच येतो. तीच वर्णने यू-बूट हा बूटलोडर आणि फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टमसुद्धा वापरतात आणि त्यांना तुमच्या ड्रायव्हरच्या आतल्या रचनेशी काही देणेघेणे नसते. किती वेळाने मोजमाप घ्यायचे यासारखी बाब लिनक्सच्या बाइंडिंगमध्ये घातली तर ती परत येईल अशीच तयारी ठेवा. झेफायर मात्र उपकरण सुरू होतानाची प्रारंभिक रचना डिव्हाइस ट्रीमध्ये ठेवू देते. चिप ओळखण्यासाठीच्या ‘कम्पॅटिबल’ या नोंदीत चिपचे पूर्ण नाव द्यावे, मालिकेतल्या सगळ्या चिपा एका दमात मिळाव्यात म्हणून शेवटच्या अंकाच्या जागी एक्स घालण्याची पद्धत स्वीकारली जात नाही, कारण त्याच नमुन्यात बसणारी पण वेगळी वागणारी चिप पुढे बाजारात येऊ शकते.

बाइंडिंगमधली एक गोष्ट जवळून दाखवतो: रीसेटची पिन. तुमच्या चिपची रीसेट रेषा शून्य व्होल्टला नेली की चिप रीसेट होते असे समजू. हे बाइंडिंगच्या वर्णनात लिहायचे, बोर्डाच्या फाइलीत त्या पिनवर ‘ॲक्टिव्ह लो’ (खालची पातळी म्हणजे क्रियाशील) असा निर्देश द्यायचा आणि ड्रायव्हरमध्ये रीसेट करताना १ लिहायचा. लिनक्सच्या नव्या, डिस्क्रिप्टरवर आधारलेल्या जीपीआयओ (पिना हाताळणाऱ्या) फंक्शनांत १ म्हणजे ‘क्रियाशील’, मग पिनवरचा प्रत्यक्ष व्होल्टेज काहीही असो. झेफायरच्या नेहमीच्या फंक्शनांतही तसेच आहे. लिनक्सच्या जुन्या, क्रमांकावर आधारलेल्या फंक्शनांत १ म्हणजे पिनवरची प्रत्यक्ष वरची पातळी असे. ज्याने हे दोन अर्थ वेगळे ठेवले नाहीत तो ड्रायव्हरमध्ये ० लिहितो आणि बोर्डाच्या फाइलीत ‘ॲक्टिव्ह हाय’ देतो. दोन चुका एकमेकींना झाकतात, चिप चालते, आणि मग सर्किट पाहून योग्य निर्देश लिहिणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या बोर्डावर ती कायमची रीसेटमध्ये अडकते. बाइंडिंगमध्ये ‘ही रेषा ॲक्टिव्ह लो आहे’ एवढे एकच वाक्य असते, तर तपासणाऱ्याला ही जोडचूक पहिल्याच वाचनात सापडली असती.

यावरून माझी एक पसंती सांगतो. जी माहिती यंत्राला तपासता येईल ती शक्यतो तशाच ठिकाणी ठेवावी: बाइंडिंगमध्ये, कम्पाइल होणाऱ्या उदाहरणात, झेफायरच्या नमुना प्रकल्पात. गद्यातला मजकूर कोडपासून हळूहळू दूर जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. कम्पाइल होणारे उदाहरण जुने झाले की बिल्ड मोडून ओरडते. याचे फार सुंदर टोक मोबाइल चिपांच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांत दिसते. उत्पादकाने माहिती न दिलेल्या ॲड्रिनो जीपीयूसाठी फ्रीड्रिनो आणि विवान्ते जीपीयूसाठी एटनाव्हिव्ह हे ड्रायव्हर चिपचे वागणे बाहेरून तपासून उभे राहिले, आणि त्यांनी रजिस्टरांचे (चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्यांचे) वर्णन एक्सएमएल फाइलींत लिहून त्यांच्यातूनच सी भाषेच्या हेडर फाइली तयार केल्या. तिथे दस्तऐवज आधी, कोड त्याच्यातून. एका छोट्या सेन्सरसाठी एवढा व्याप करायची गरज नाही, पण रजिस्टरांची आणि बिटांची नावे डेटाशीटमध्ये आहेत तशीच ठेवली तरी वाचणाऱ्याला बरेचसे तेच मिळते.

काय लिहू नये हे पटकन सांगता येईल. कोडची ओळ मराठीत किंवा इंग्रजीत पुन्हा सांगणारी टिप्पणी, डेटाशीटमधून उतरवलेली लांब प्रस्तावना आणि सगळ्या ड्रायव्हरांना लागू होणारी सर्वसाधारण माहिती वगळा. लिनक्समध्ये तुम्ही सिसफ्सवर (कर्नल ज्यातून आपली माहिती प्रोग्रामांना फाइलींच्या रूपात दाखवतो त्यावर) एखादी नवी फाइल दाखवणार असाल तर मात्र ती एबीआयच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी झालेल्या कराराच्या, दस्तऐवजांत नोंदवावीच लागते, कारण कर्नलची आतली फंक्शने आवृत्तीगणिक बदलू शकतात, पण वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिलेला शब्द फिरवता येत नाही. आयआयओमध्ये आधीच ठरलेली नावे पुरत असतील तर नवे नाव काढण्याच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी बाइंडिंगचा स्वतंत्र पॅच (तपासणीसाठी पाठवायचा बदल) आणि त्याच्या मागून ड्रायव्हरचा; लिनक्समध्ये याच क्रमाची अपेक्षा असते. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, काय बदलले यापेक्षा तसे का केले हे लिहा आणि कोणत्या बोर्डावर, चिपच्या कोणत्या आवृत्तीवर तपासले ते नोंदवा. कोडची एखादी ओळ कोणी का लिहिली हे शोधणारा माणूस गिटच्या इतिहासातून तिथेच पोहोचतो. वर्तन बदलणारा प्रत्येक पुढचा पॅच त्या वर्तनाचा मजकूरही सोबत बदलील असे पाहा, आणि कोणत्या फाइली कोण सांभाळतो हे सांगणाऱ्या मेन्टेनर्स फाइलीतल्या तुमच्या नोंदीत ड्रायव्हरच्या फाइलीबरोबर बाइंडिंगची फाइलही लिहा, म्हणजे त्यांपैकी कशालाही हात लावणारा पॅच पाठवताना स्क्रिप्ट तुमचे नाव सुचवील आणि तो तुमच्या नजरेखालून जाईल.