‘अपरिमेय’ म्हणजे मोजता न येणारा?

अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या मित्राने हा प्रश्न विचारला आहे. मुलीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पाय ही अपरिमेय संख्या आहे’ असे वाक्य त्याला दिसले. पाय (π) म्हणजे वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागून येणारी संख्या. त्याचे म्हणणे : “बीमचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाचा, घेर आम्ही टेप लावून मोजतो. त्याला व्यासाने भागलं की तीनच्या थोडं वर येतं. मग मोजता येत नाही ते काय?” जाता जाता त्याने ‘परिघ’ लिहायचे की ‘परीघ’, हेही विचारले आहे.

शंका रास्त आहे. ‘मा’ या धातूचा अर्थ मोजणे. मान, प्रमाण, परिमाण, भूमितीतले प्रमेय, मुलांचे ‘अमेय’ हे नाव, सगळे याच घरातले. एरवीच्या भाषेत अपरिमेय म्हणजे मोजता न येण्याजोगे, अफाट. गणिताने मात्र हा अर्थ आवळून घेतला आहे. तिथे एका लांबीचा प्रश्नच नसतो, दोन लांबींचा असतो : दोन्हींना एकच माप नेमके लागू पडते का? व्यासात जे माप पूर्ण सात वेळा बसते, ते परिघात बरोबर बावीस वेळा बसले असते, तर पाय २२/७ झाला असता आणि परिमेय ठरला असता. तसे होत नाही. माप मिलिमीटरचे घ्या, सुताच्या धाग्याइतके घ्या, त्याहून कितीही बारीक घ्या. व्यासात पुरे बसले की परिघाशी काहीतरी उरतेच.

मला सर्वांत भावते ती या शब्दाच्या आधीची गोष्ट. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे पाय ३.१४१६, आणि त्याला ‘आसन्न’ म्हटले. आसन्न म्हणजे जवळचा, ‘आसन्नमरण’मधला तोच. पुढे केरळातल्या नीलकंठ सोमयाजीने आर्यभटीयावरच्या भाष्यात विचारले, खरा आकडा सोडून जवळचा का सांगितला? त्याचे उत्तर असे की, ज्या मानाने व्यास निरवयव, म्हणजे काही न उरता, मोजला जातो, त्याच मानाने परीघ मोजला तर तो सावयवच राहतो. ‘मोजला जाणारा’साठी त्याचा शब्द आहे ‘मीयमान’. पुन्हा तोच ‘मा’! अपरिमेयची याहून नेटकी व्याख्या मला माहीत नाही. पाय अपरिमेय असल्याची सिद्धता मात्र योहान लँबर्टने १७६१ मध्ये दिली. दशांश चिन्हापुढचे अंक संपत नाहीत आणि त्यांचे आवर्तनही होत नाही, हा त्याचाच परिणाम.

म्हणून ‘पाय = २२/७’ असे बरोबरचे चिन्ह घालून लिहू नये असे माझे ठाम मत आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटले आणि २२/७ ला स्थूल, पण ‘व्यवहारयोग्य’. मीटरभर व्यासाला २२/७ वापरल्याने परिघात सुमारे सव्वा मिलिमीटर जास्त येतो. बीमच्या कामाला तेवढे चालते.

राहिला परीघ. मूळ रूपात री दीर्घ : परीघ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व : परिघाचा, परिघात. संस्कृतात परिघ म्हणजे दाराचा अडसर किंवा लोखंडी दांडा. वर्तुळाच्या कडेला तिथे परिधी म्हणतात, आणि हिंदीने तोच शब्द ठेवला आहे.