कर्नल थ्रेड मेला, आता पुढे काय?

प्रश्न: मी लिनक्ससाठी छोटा ड्रायव्हर लिहितोय. त्यातला कर्नल थ्रेड (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच्या आत चालणारं काम) नल पॉइंटरमुळे क्रॅश झाला, लॉगमध्ये ऊप्स (कर्नलमधल्या चुकीचा अहवाल) आला, पण मशीन चालूच राहिलं. मग तोच थ्रेड परत सुरू केला तर काय बिघडलं?

उत्तर: बरंच बिघडतं हो. साधा प्रोग्राम मेला की कर्नल त्याच्यामागे आवराआवर करतो, पण इथे मेलाय कर्नलचाच थ्रेड, त्याने म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरला असेल तर तो तसाच लॉक राहणार आणि तुमचा नवा थ्रेड तिथेच येऊन अडकणार, वर लिंक्ड लिस्ट अर्धवट बदललेली असली तर मग विचारूच नका. घेतलेले रेफरन्सही, म्हणजे ‘ही गोष्ट वापरात आहे’ अशा नोंदीही, सुटत नाहीत. मुद्दाम पुन्हापुन्हा ऊप्स घडवून या नोंदींचा काउंटर ओव्हरफ्लो करता येतो, म्हणून तर 2023 च्या 6.2 कर्नलमध्ये ऊप्सवर मर्यादा आली, डिफॉल्ट 10000, जी माझ्या मते फारच उदार आहे!

सर्व्हरवर सरळ पॅनिक ऑन ऊप्स (ऊप्स आला की कर्नल थांबवणारी सेटिंग) 1 करा आणि केडंप लावून ठेवा, म्हणजे मेमरीचा डंप मिळतो न् मशीन रीबूट होतं. तुमच्या टेस्ट मशीनवर पहिला ऊप्स तेवढा नीट वाचा, नंतरचे बहुतेक त्याचेच पडसाद असतात, मग रीबूट.

आणि हो, थ्रेड आपणहून संपू शकत असेल तर गेट टास्क स्ट्रक्ट या फंक्शनने त्याचा रेफरन्स आधीच धरून ठेवा, नाहीतर मोड्यूल (तुमचा ड्रायव्हर) काढताना थ्रेड थांबवणारं केथ्रेड स्टॉप हे फंक्शन फ्री झालेल्या मेमरीत हात घालेल.